दुकानदाराच्या वहीतून नाव काढताना

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरात हे, मी, थोरली (आता दहावीला), धाकटा (सहावीला) आणि मामा, म्हणजे माझे सासरे. मे 2024 मध्ये आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. जूनमध्ये उद्यमबागेत ह्यांच्या वर्कशॉपमधला ओव्हरटाईम बंद झाला आणि हातात येणारे बावीस हजार सतरा हजारांवर आले. तिथून पुढच्या वर्षभरात काय काय केलं ते मांडते आहे. आमच्यासारख्या आणखी घरांत हेच चाललेलं असणार, आणि तेव्हा मला कुणीतरी हे सगळं क्रमाने सांगायला हवं होतं.

सुरुवात एका चिठ्ठीने झाली. गल्लीतल्या दुकानातून धाकटा साखर आणायला गेला आणि साखरेबरोबर चिठ्ठी घेऊन आला. मागची बाकी 9,460 रुपये. दुकानदार वाईट माणूस नाही. आत्ती आजारी होत्या तेव्हा त्यांनी कधी तोंड वाकडं न करता सामान दिलं. पण मुलाच्या हातून चिठ्ठी आली, ती त्याने वाचली होती, आणि तो काहीच बोलला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जुलै 2024: फक्त लिहिणं

थोरलीची अर्धी कोरी उरलेली वही घेतली. ठरवलं की हा महिना काही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. पाच रुपयांची कोथिंबीर आणली तरी लिहायची. हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळा येतो, मग दोन दिवसांचं एकदम आठवून लिहावं लागतं आणि नेमके वीस-तीस रुपयेच निसटतात. मी वही फळीवर पिठाच्या डब्याशेजारी ठेवली आणि पेन दोरीने बांधलं. त्याने खरंच फरक पडला.

महिन्याच्या शेवटी बेरीज अशी आली: किराणा 5,200, दूध 1,800, भाजी 2,100, मामांची औषधं 1,080, गॅस 820, लाईट 340, तीन फोनचे रिचार्ज 900, बेकरी 1,150, मुलांची व्हॅन आणि शिकवणी 2,400, पेट्रोल 1,100, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता 3,000, भिशी 500. एकूण 20,390. मिळकत सतरा हजार. कमी पडणारे जवळजवळ साडेतीन हजार म्हणजेच दुकानातली उधारी.

बेकरीचा आकडा बघून मी पुन्हा बेरीज केली. रोज संध्याकाळी चहाबरोबर बटर किंवा खारी, मुलांना क्रीमबन, कुणी आलं तर टोस्टचा पुडा. एका वेळी तीस-चाळीस रुपये. कुणी चैन केली नव्हती. भाजीचंही तसंच, गाडी दारात आली की रोज थोडी थोडी.

ऑगस्ट-सप्टेंबर: आधी गळती

बेकरी पूर्ण बंद केली नाही. मुलांचा आनंद काढून घ्यायचा नव्हता, आणि मामांना चहात बुडवायला काहीतरी लागतंच. आठवड्यातून एकदा, शनिवारी, असं ठरवलं. बाकीचे दिवस भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चिक्की, नाचणीची उकड. आकडा 1,150 वरून 450 वर आला.

भाजीसाठी रविवारी खासबागचा बाजार. सकाळी नाही, संध्याकाळी साडेसहानंतर. विकणाऱ्या बायकांना उरलेला माल घेऊन परत जायचं नसतं. मात्र पालेभाजी संध्याकाळी घेऊ नये, कोमेजलेली निम्मी टाकून द्यावी लागते. पालेभाजी सकाळी, बाकी फळभाजी, कांदे-बटाटे संध्याकाळी. जवारी (म्हणजे गावरान) वांगी, जवारी काकडी स्वस्त असते त्या दिवसांत तीच खायची. ऑगस्टात टोमॅटो महाग असेल तर आमटीत चिंच नाहीतर आमसूल. आत्ती हे सगळं न लिहिताच करायच्या, हे मला वही भरताना कळलं.

फोनचे दर जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी वाढवलेच होते. आम्ही एकाच फोनवर नेटचा रिचार्ज ठेवला आणि बाकी दोघांवर फक्त बोलण्यापुरता. पहिला आठवडा घरात कुरबुर झाली, मग सवय झाली.

सर्वांत मोठी सुटका औषधांची. मामांना रक्तदाब आणि साखर, दोन्ही आहे. जनऔषधी केंद्राची पाटी मी कित्येक वर्षं बघत होते, पण स्वस्त औषध म्हणजे हलकं औषध अशी मनात भीती होती. शेवटी मामांच्या डॉक्टरांनाच सरळ विचारलं. त्यांनी चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून दिलं आणि सांगितलं, महिन्याने रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तपासली. दोन्ही पूर्वीइतकीच होती. खर्च 1,080 वरून 310 वर आला. ह्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, डॉक्टरांना न विचारता गोळी बदलायची नाही. दोन, केंद्रात कधीकधी एखादी गोळी शिल्लक नसते, म्हणून जुन्या गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या असतानाच जायचं.

पेट्रोलसाठी ह्यांनी वडगावातल्याच एका सहकाऱ्याबरोबर पाळी लावली. एक आठवडा ह्यांची गाडी, एक आठवडा त्यांची.

लाईट बिल

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत दोनशे युनिट वीज फुकट असं लोक म्हणतात, त्यात थोडी गफलत आहे. आपल्याला हक्काने मिळतात ती युनिटं म्हणजे 2022-23 सालातला आपला महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के. ती मर्यादा बिलावर छापलेली असते. आमची 94 होती. त्यापुढचं वापरलं तर जादा युनिटांचे पैसे, आणि दोनशेच्या वर गेलं तर पूर्ण बिल आपल्याच माथी.

आमचं तीनशे-साडेतीनशे बिल का येतंय हे शोधायला मी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मीटर वाचला. चोर सापडला बादलीतल्या कॉईलमध्ये. पाच जणांच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापत होतं, महिन्याला तीसेक युनिटं तिथेच जात होती. न्हाणीत आत्तींचा तांब्याचा बंब तसाच होता, त्यात अडगळ भरली होती. तो चिंचेने घासून काढला. नारळाच्या करवंट्या, शेंड्या, ह्यांच्या वर्कशॉपमधल्या फुटक्या खोक्यांच्या फळ्या, एवढ्यात भागतं. नोव्हेंबर 2024 मध्ये पहिल्यांदा शून्य बिल आलं. धाकट्याने ते फ्रिजवर चिकटवलं.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक सांगते. माझ्या नणंदेने घर बदललं, तेव्हा जुन्या घराच्या मीटरला तिचं आधार जोडलेलंच राहिलं होतं, त्यामुळे नव्या घराला लाभ मिळेना. आधी जुनी जोडणी काढून घ्यायची सोय आता आहे, ती करून मगच नवी जोडायची.

ऑक्टोबर: भिशी आणि चिठ्ठी

ऑक्टोबरमध्ये भिशी माझ्या नावावर निघाली. दहा हजार. आत्तींचं वर्ष चालू असल्यामुळे दिवाळी करायची नव्हतीच. तोपर्यंत दुकानातली बाकी 9,800 झाली होती. मी सगळे पैसे घेऊन दुकानात गेले. दुकानदारांनी पान उलटून आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "वहिनी, एवढी घाई नव्हती की." मला रडू येत होतं म्हणून मी पटकन निघाले.

माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. गॅस, लाईट, बेकरी सगळं ठीक आहे, पण उधारी असेपर्यंत आपल्याला खरेदीची निवडच नसते. जिथे नाव लिहून घेतात तिथूनच घ्यावं लागतं, अर्धा-अर्धा किलो घ्यावं लागतं, आणि भाव विचारायला तोंड राहत नाही. तुरीची डाळ मी किलोमागे वीस रुपये जास्त देऊन घेत होते हे मला रोखीने दुसरीकडे गेल्यावर समजलं.

नोव्हेंबरपासून शेजारच्या दोघी आणि मी अशा तिघींनी मिळून रविवार पेठेतून घाऊक आणायला सुरुवात केली. डाळीचं तीस किलोचं पोतं, साखरेचा कट्टा, तेलाचा पंधरा किलोचा डबा. आमच्या दारातल्या ओट्यावर बसून तराजूने वाटून घेतो. पहिल्या वेळी तेल मोजण्यावरून थोडा घोळ झाला, म्हणून आता तेल मापाने न मोजता वजनावरच वाटतो. एकीने पैसे नंतर देते म्हटलं, तेव्हा मनाला फार जड गेलं, पण नाही म्हटलं. उधारी पुन्हा आमच्या तिघींतच सुरू झाली असती. तीच नंतर म्हणाली, "बरं केलंस गे, नाहीतर मी दर महिन्याला मागं राहिले असते." किराणा 5,200 वरून 4,300 वर आला.

आत्तींच्या नावापासून माझ्या नावापर्यंत

आता कागदपत्रांचं. हे सविस्तर लिहिते, कारण इथे माणूस सर्वांत जास्त हरवतो.

घरच्या कुटुंबप्रमुख बाईला कर्नाटक सरकार देतं ते गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार आत्तींच्या खात्यात येत होते. आमचं रेशनकार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं आहे, तरी ही योजना एपीएलनाही आहे. अट एवढीच की रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव हवं, आणि ती किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरणारा नसावा. आत्ती गेल्यावर एक हप्ता त्यांच्या खात्यात आला. आम्ही त्याला हात लावला नाही आणि महिला व बालविकास खात्याच्या कार्यालयात मृत्यूच्या दाखल्यासह लेखी कळवलं, पोच घेतली. हे अवश्य करा, नंतर वसुलीचा ताप होऊ शकतो.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत केली होती. दाखल्याच्या मात्र एकदम पाच प्रती घ्या. आम्ही दोनच घेतल्या आणि पुन्हा जावं लागलं. दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी कानामात्रेसह जुळतं का हे खिडकीसमोरच उभं राहून बघा.

रेशनकार्डावरून आत्तींचं नाव कमी करून प्रमुख म्हणून माझं नाव लावायला मी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा गेले. दुरुस्तीचं संकेतस्थळ बंद होतं. ते वर्षभर उघडं नसतं, अधूनमधून काही दिवस उघडतं. सप्टेंबरात गेले, बंद. ऑक्टोबरात गेले तर उघडं होतं, पण दुपारी दोनपर्यंत रांगेत थांबल्यावर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "अक्का, सर्व्हर इल्ला, नाळे बन्नी." म्हणजे सर्व्हर नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याचा काही दोष नव्हता, तोही सकाळपासून त्याच पानाकडे बघत बसला होता. तिथे रांगेत एक म्हातारी खानापूर तालुक्यातल्या गावाहून आली होती, तिची तिसरी खेप होती. तिच्याजवळ जेवणही नव्हतं. रांगेत जाताना भाकरी आणि पाणी बरोबर ठेवा.

काम झालं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सकाळी साडेनऊला जाऊन पहिल्या पाचांत नंबर लावला, तेव्हा सर्व्हर चालतो. अर्ज कन्नडमध्ये होता. मला बोलता येतं, वाचता येत नाही. थोरलीने शाळेला अर्धा दिवस दांडी मारून बरोबर यायचं ठरवलं. ती मराठी माध्यमात आहे, पण कन्नड विषय आहे. तिने एकेक ओळ वाचली आणि माझ्या नावात एक अक्षर चुकलेलं तिनेच पकडलं. 'यजमानी', म्हणजे घरची कुटुंबप्रमुख, या शब्दापुढे माझं नाव लिहिलं गेलं तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. मला आत्तींची आठवण आली. तोपर्यंत त्या जागी त्यांचं नाव होतं.

पुढचा क्रम असा. जानेवारी 2025 मध्ये कार्डावर बदल दिसला. त्यानंतर घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी अंगठा लावून. मामांच्या बोटांचे ठसे उमटेनात, त्यासाठी वेगळी फेरी. मग बँक. खात्याला आधार जोडलेलं आहे एवढं पुरत नाही, सरकारी पैसे आधारच्या आधारे ज्या खात्यात येतात तेच खातं हे आहे का, हे बँकेत विचारून घ्यावं लागतं. माझं आधार एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. ते बदलायला दहा दिवस. 24 फेब्रुवारीला कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रात गृहलक्ष्मीचा अर्ज केला. अर्जाला पैसे लागत नाहीत. मे महिन्यात पहिले दोन हजार आले. एकूण नऊ फेऱ्या, झेरॉक्स, फोटो, रिक्षा धरून 410 रुपये. हे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतातच असं नाही, म्हणून त्यावर हप्ता किंवा शिकवणीची फी बांधू नये. आमच्याकडे ते आले की वेगळे ठेवतो.

सुगीचा तांदूळ, संकेश्वरची मिरची

सोसायटीचं कर्ज नोव्हेंबरमध्ये फिटलं आणि डिसेंबरपासून रोज शंभरची पिग्मी, म्हणजे दारावर येणाऱ्या माणसाकडे रोज थोडे पैसे जमा करायची बचत, सुरू केली. सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये रोज दोन आणे घेऊन ही पद्धत सुरू केली, आणि आपल्याकडे ती अजून दारोदार चालते. हातात तीन हजार एकदम आले तर माझ्याकडून खर्च होतात, रोजचे शंभर मात्र निघतात. जानेवारीच्या शेवटी जमलेले पैसे मुदतीआधीच काढले, त्यामुळे व्याज मिळालं नाही. ते मी मान्य केलं, कारण तांदूळ सुगीलाच घ्यायचा होता.

येळ्ळूरच्या एका शेतकरी कुटुंबाकडून एक क्विंटल घेतला, पन्नास रुपये किलोने. तोच दुकानात बासष्टला होता. नवा तांदूळ लगेच शिजवला तर भात गिच्च होतो, म्हणून मार्चपर्यंत जुनाच वापरला. दोन दिवस उन्हात, मग टिपात, म्हणजे पिंपात, कडुलिंबाचा वाळलेला पाला एकेक थर घालून. पाला पूर्ण कोरडा हवा. आमच्या एका कोपऱ्यात ओल राहिली आणि चार-पाच किलोला वास लागला. तो निवडून, धुऊन इडलीला वापरला.

माझं माहेर निपाणी. बायकांना फुकट बसप्रवासाची कर्नाटकची शक्ती योजना जून 2023 पासून आहे, पण मी तोपर्यंत तिचा उपयोग फक्त गावातल्या बसला करत होते. बेळगाव-निपाणी सर्वसाधारण गाडीत कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवलं की शून्य तिकीट. कोल्हापूर-पुण्याला जाणाऱ्या गाडीत चढू नका, निपाणीपर्यंतचीच गाडी बघा, आणि एसी, राजहंस गाड्यांना हे लागू नाही. फेब्रुवारीत आईला भेटून येताना संकेश्वरला उतरले. बाजारात वाळलेली मिरची ढिगाने होती. तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी, असं तीनाला एक प्रमाण आमच्या घरी चालतं. देठ मोडून बघितलं, कडकन मोडला तर मिरची नीट वाळलेली. दमट घेतली तर वजनाचे पैसे जातात आणि बुरशी येते. तीन किलो आणली, मार्चमध्ये डंकावर कांडून वर्षाचं तिखट झालं. नंतर आई म्हणाली, "पाच वर्षांत पहिल्यांदाच तू माहेराहून रिकाम्या हाताने गेली नाहीस." तिच्या अंगणातला कडीपत्ताही पिशवीत होता.

सगळंच जमलं नाही. 1 एप्रिल 2025 पासून नंदिनी दूध लिटरमागे चार रुपयांनी वाढलं, तेव्हा गवळ्यानेही वाढवलं. मुलं आणि मामा आहेत, दूध कमी करणं मला पटलं नाही. शिकवणी बंद करायचा विचार आला होता, तोही सोडला. थोरलीचं दहावीचं वर्ष येत होतं. मी घरी शिलाई घ्यावी म्हणून जुनं मशीन दुरुस्त केलं, त्यातून अजून विशेष मिळत नाही.

जून 2025 मध्ये शाळा उघडल्या. वह्या, दप्तर, धाकट्याचे बूट, थोरलीचा गणवेश मिळून 3,150 रुपये लागले आणि ते रोख दिले. त्या महिन्याचा घरखर्च वहीत 14,270 आहे. त्यात पिग्मीचे तीन हजार धरलेले नाहीत. वही संपली म्हणून धाकट्याने नवी दिली, पहिल्या पानावर त्यानेच रकाने आखले. शेवटच्या रकान्यावर त्याने 'तांदूळ' लिहिलं, कारण पुढच्या जानेवारीत दोन क्विंटल घ्यायचा होता आणि त्याचे 1,400 जमले होते.